परळ ते पिंपळगाव, तिघं जण

भोईवाडा, परळ
रविवार, ५ फेब्रुवारी १९५६

प्रिय रमाकांत,

एक पांगुळगाडा, तीन चाकांचा, सागाचा, तुझ्या उर्मिलेसाठी. आमच्या चाळीच्या गणपतीमागचं फिरतं चक्र, दीड मिनिटात एक फेरा. नीट मोजलं तर एक मिनिट तेहतीस सेकंद. शांताचं शिवणयंत्र, ज्याचं फक्त चाक विलायती आहे. भोईवाड्याच्या देवळातल्या घंटेचा लोलक, जुना पडला तेव्हा. मागावरची धोटा-जाळी, जिच्याबद्दल पुढे लिहितो. बांबू आणि गोणपाटाची स्ट्रेचरं, चौदा. एक मोटार. आणि पत्र्याचे कर्णे, अकरा. स्टोव्ह, कुलपं आणि मोरीचे नळ यांची गणती मी करत नाही, ती दुरुस्ती झाली.

एवढं मी या दोन हातांनी केलं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं बघून. बारा वर्षांनी पत्र येतंय, तर लिहिणारा कधी रिकामा बसला नव्हता एवढं तुला आधी कळावं, म्हणून यादी.

आता कामाचं. बुधवारी, आठ तारखेला, त्या मोटारीतून मी तुमच्या बाजूला येतोय. मी, शांता आणि आणखी एक माणूस. तिसरं कोण ते शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर बाकीचं तू नीट वाचणार नाहीस, आणि ते नीट वाचणं गरजेचं आहे. तेव्हा पान उलटू नकोस. एवढं मात्र आत्ताच सांगतो, की ही सहल फक्त दिसायला सहल आहे. त्या तिसऱ्या माणसाला पोलिसांच्या हाती न लागू देता मुंबईबाहेर काढायचंय. शुक्रवारी सकाळी दहा वाजता माझी मुदत संपते.

पत्र भिवाच्या हाती देतोय. तोच भिवा, जो तुमच्या गावच्या द्राक्षांच्या टोपल्या ट्रकमधून बाजारात आणतो. त्याच्या ट्रकचं इंजिन तीन वर्षं माझ्या हातात आहे, आणि तो लिहिता-वाचता येत नसलेला माणूस आहे. दोन्ही गोष्टी सोयीच्या. आज दुपारी तो रिकामा ट्रक घेऊन परत निघेल, उद्या सकाळी तुला भेटेल. वाचून झालं की चुलीत घाल. उत्तर पाठवू नकोस, तारही करू नकोस.

मोटारीबद्दल तू ऐकलं असशीलच, पण तुला ऐकवणाऱ्यांनी ती भंगाराची आहे असंच सांगितलं असणार. इंजिन एका जुन्या मॉरिसचं, ते खरं, ते मी भंगारातून उचललं. पण पिस्टनच्या रिंगा मी स्वतः बसवल्या. बॉडीचा सांगाडा रे रोडच्या वखारीतल्या सागाचा; फळ्या निवडायला सात रविवार गेले, कारण वखारवाला ओली लाकडं गळ्यात मारतो आणि वर शपथ घेतो. दरवाजांच्या पितळी मुठी मोडलेल्या बोटीच्या आहेत, दारूखान्याच्या धक्क्यावरून आणलेल्या. हॉर्न तेवढा चांगला वाजत नाही, घसा बसल्यासारखा येतो. चार वर्षं लागली. पहिल्यांदा ती गल्लीतून बाहेर काढली तेव्हा चाळीतल्या जाईबाई गॅलरीतून ओरडल्या, काय मिस्त्री, गणपती विसर्जनाला यंदा हीच का. मी त्यांना दादरपर्यंत फिरवून आणलं. येताना गप्प होत्या.

आतापर्यंत ही मोटार ठाण्याच्या पलीकडे गेलेली नाही. शांता दर वर्षी म्हणते, एकदा कुठेतरी लांब जाऊ, गावं बघू, झाडाखाली बसून भाकरी खाऊ, कुणाच्या मागे धावायचं नाही. दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी, आधी ब्रेक नीट होऊ देत. नीट झाले. रस्ता ठरला तो मात्र अशा कामासाठी ठरला.

आता धोटा-जाळी. बारा वर्षं यावर मी एक अक्षर काढलं नाही, आज काढतो, कारण आजच्या भानगडीचं मूळ तिथे आहे. तुला आठवतं, चव्वेचाळीस साली मागावरून धोटा सुटून आनंदा विणकराच्या डोळ्यात गेला. मी त्याला उचलून खाली आणलं होतं. त्यानंतर एकोणीस दिवस मी सुट्टीच्या वेळात खपलो आणि ती दुमडणारी जाळी बनवली. सूत तुटलं की वर, माग सुरू झाला की आपोआप खाली. तू ड्रॉइंग ऑफिसात होतास. तूच म्हणालास, गुणाजी, साहेबाला वस्तू दाखवून चालत नाही, कागद लागतो, आण, मी काढून देतो. काढलास सुंदर. तुझ्या रेघेला मी कधी नाव ठेवलं नाही. खाली उजव्या कोपऱ्यात सही होती, ती तुझी होती. साहेबानं तुला वरच्या खोलीत बोलावलं, आणि तू वर गेलास. खाली येऊन तू मला एवढंच म्हणालास, की अरे, रीतच आहे ती, जो काढतो तो सही करतो. मी दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी उचलली आणि गिरणी सोडली. जाळ्या अजून मागांवर आहेत. त्यांच्यामुळे किती डोळे वाचले ते कुणी मोजलेलं नाही, पण मला बरं वाटतं.

त्या दिवसापासून माझ्या हातून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर मी ठसा मारतो. पोलादी ठसा मीच कोरलाय, "गु", आणि त्यापुढे नंबर. कागदाच्या कोपऱ्यात मारता येत नाही तो, धातूत किंवा लाकडात मारावा लागतो, आणि मग कुणाला पुसता येत नाही. शांता चेष्टा करते की पोळपाटावरसुद्धा आहे. आहे.

जानेवारीत काय झालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. इथे ते गल्लीत झालं. मुंबई वेगळी काढणार अशी बातमी आली आणि त्या आठवड्यात लालबागपासून गिरगावपर्यंत एकही रस्ता धड राहिला नाही. संचारबंदी, अश्रुधूर, गोळ्या. मी मोर्चाचा माणूस नव्हे, तुला ठाऊक आहे. गर्दीत मला कुणाच्या पायात काय चप्पल आहे ते दिसत बसतं. पण पोरं जखमींना चादरीत घालून हॉस्पिटलात नेत होती आणि चादर मधे फाटत होती, ते मला बघवेना. म्हणून स्ट्रेचरं केली. मग चाळींच्या कमिट्यांनी सांगितलं की एका गल्लीतून दुसरीत निरोप पोचत नाही. पोलीस कुठे आहेत, कुठल्या वाटेनं जायचं नाही, कुणाचं पोर चुकलंय. म्हणून कर्णे केले. चोवीस गेजचा पत्रा, तोंडाकडे दीड इंच, पसरट बाजूला अकरा, सांधा दुहेरी दुमडीचा. दोन रात्री आणि एक दिवस. आवाज दीडशे पावलांवर स्वच्छ ऐकू येतो, मी मोजून बघितलाय.

आणि रमाकांत, मी मूर्खासारखा त्या अकराही कर्ण्यांच्या कडेवर ठसा मारला. गु १, गु २, असं अकरापर्यंत. तसं केलं नसतं तर हात थांबलाच नसता. वस्तू पुरी झाली की हातोडी आपोआप ठशाकडे जाते.

सात नंबरचा कर्णा पोलिसांना गिरगावातल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर सापडला. तिथून त्या संध्याकाळी कुणीतरी बोलत होतं. पोलिसांचं म्हणणं, लोकांना चिथवत होतं. एक शिपाई जिना चढून गेला, त्यानं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा एक क्षणभर बघितला, माणूस मागच्या जिन्यानं निसटलं, कर्णा तिथेच राहिला. नाव कुणाला माहीत नाही. चेहरा एका शिपायाला माहीत आहे, आणि कर्ण्यावर माझा ठसा.

गेल्या सोमवारी एक इन्स्पेक्टर माझ्या कारखान्यात आला. मराठी माणूस, रत्नागिरीकडचा, कपडे कडक. त्यानं तो कर्णा माझ्या बाकावर ठेवला. मी काय केलं असेल? आधी उलटा करून सांधा धरलाय का ते बघितलं. धरला होता, जिन्यावरून गडगडत गेला असूनही. इन्स्पेक्टर ते बघत होता. मग तो म्हणाला, मिस्त्री, हा ठसा तुमचाच असेल असं नाही, कुणीही उचलून मारू शकतो. आता कळतं की तो मला वाट काढून देत होता, किंवा जाळं टाकत होता, अजून नक्की सांगता येत नाही. मग तो म्हणाला, तसा हा डबा कुठलाही कल्हईवाला करून देईल म्हणा, दोन आण्यांत.

डबा म्हणाला तो. मी त्याला सांगितलं की साहेब, हा डबा नव्हे, आणि ही दुहेरी दुमड आख्ख्या मुंबईत दुसऱ्या कुणाला अशी घालता येत असेल तर मला दाखवा, मी धंदा बंद करतो. तो हसला, वही काढली आणि लिहून घेतलं. शांता आतल्या दारात उभी होती. तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, तोंडावर पट्टी लावूचो ठसो मिळता काय खंय? दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अकरा कर्णे कुणाकुणाला दिले ते मला पाठ आहे. इन्स्पेक्टरलाही ते कळलंय, की ज्या माणसानं नंबर घातले तो माणूस नावं विसरणार नाही. गुरुवारी तो पुन्हा आला, गोड बोलला, बाकीच्या दहांशी मला देणंघेणं नाही म्हणाला. फक्त सात नंबर कुणी नेला एवढं सांगा. पुढच्या शुक्रवारपर्यंत विचार करा. तो काय देऊ करत होता तेही शेवटी लिहितो.

तो गेल्यावर मी बाकीचे दहा कर्णे गोळा केले. एकेकाच्या घरी जाऊन, दुधाच्या किटल्यांच्या पिशवीत घालून, चार फेऱ्या. आणि कानस घेऊन बसलो. दहाही कडांवरचं "गु" मी स्वतः घासून काढलं, नंबर घासले, वर पुन्हा कल्हई दिली. कुठे होतं ते आता मलाही बोटांनी कळत नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातच्या दहा वस्तू या शहरात बिननावाच्या फिरतायत. मला वाटलं होतं छातीत काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. नुसता हात दुखला. तू त्या कागदाच्या कोपऱ्यात सही केलीस तेव्हा तुझा हात दुखला होता का, एवढं मात्र त्या वेळी मनात येऊन गेलं.

आता रस्ता. मी कधी गेलेलो नाही, पण भिवाला समोर बसवून तीन संध्याकाळी मी तो कागदावर उतरवलाय, एक लांब पट्टी, वळणासकट. परळपासून तुमच्या फाट्यापर्यंत एकशे एकतीस मैल. भिवा म्हणतो एकशे तीस, पण तो बाजारापासून मोजतो.

सकाळी साडेसातला निघायचं. अंधारात नाही. अंधारात जाणाऱ्या मोटारीवर संशय येतो, आणि सहलीला जाणारी माणसं उजेडातच निघतात. शीवला पोलिसांचा बंदोबस्त आहे. गाड्या थांबवतात, डिकी उघडतात. निमित्त दारूबंदीचं, बघतात मात्र चेहरे. तिथे मोटारीत आम्ही दोघंच असू. तिसरं माणूस नाका पायी ओलांडेल, दुसऱ्या सोबतीनं, आणि पुढे अर्ध्या मैलावर चिंचेच्या झाडाखाली मोटारीत बसेल. ही अर्ध्या मैलाची जागा मला सगळ्यात जास्त छळते. मी दोनदा चालून आलोय. अकराशे नव्वद पावलं. माझ्या पावलांनी, बायकांच्या पावलांनी जास्त होतील.

नाक्यावर बोलायचं काम शांताकडे आहे. तिनं मला बजावलंय, तुमी गप रवा, मी बोलतंय. बरोबरच आहे, मला कुणी विचारलं कुठे निघालात, तर मी खरं आणि सविस्तर सांगायला लागेन. ती सांगणार की पंचवटीला गोदावरीचं स्नान, मग द्राक्षांच्या बागा बघायच्या, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, नवरा कधी कुठे नेत नाही. यातलं खोटं काहीच नाही. काल रंगीत तालीम करताना ती शेवटचं वाक्य जरा जास्तच मनापासून बोलली.

पुढे भिवंडी, मग पडघे. वाशिंदला भातसा नदीचा पूल, तिथे पाच मिनिटं थांबायचं, पाणी बघायला म्हणून. खरं तर मागे कोण येतंय ते बघायला. मी मोटारीला दोन आरसे बसवलेत, डावीकडेही. कारण ऐक. मी इन्स्पेक्टरला स्वतःच सांगितलं, की बुधवारी बायकोला नाशिकला नेतोय, गुरुवारी संध्याकाळी परत, शुक्रवारी दहाला तुमच्या दारात हजर. न सांगता गेलो असतो तर शीवलाच अडवलं असतं. त्यानं मोटारीभोवती एक फेरी मारली, पितळी मुठींवरून हात फिरवला आणि चिठ्ठी लिहून दिली, मिस्त्रींना वाटेत कुणी त्रास देऊ नये. चिठ्ठी माझ्या खिशात आहे. ती त्यानं मी खूश व्हावं म्हणून दिली, की मी कुठे जातो ते बघावं म्हणून, हे मला कळत नाही, आणि न कळलेल्या पुर्ज्यावर मी वजन टाकत नाही. तेव्हा वाशिंदपासून खर्डीपर्यंत एकच गाडी दोन्ही आरशांत राहिली, तर मी तुमच्याकडे वळणारच नाही. पंचवटीला जाऊ, आंघोळ करू, देवाला नमस्कार करू आणि खरोखरच सहल करून परत फिरू. मग काय करायचं ते मला माहीत नाही. त्याची पट्टी माझ्याकडे नाही.

आरसे मोकळे असतील तर शहापूरच्या पुढे सावली बघून भाकरी. मग कसारा. तिथे रेडिएटरमध्ये पाणी, डब्यात आणखी दोन गॅलन, आणि इंजिन अर्धा तास थंड. थळ घाट पहिल्या गिअरात, कितीही लोक मागून हॉर्न वाजवोत. भिवा सांगतो, वर चढताना डाव्या हाताला दरी उघडते आणि आगगाडीचा पूल खाली खेळण्यासारखा दिसतो. शांताला मी त्या बाजूला बसवणार आहे. इगतपुरीला चहा. घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी, मग नाशिक. तिथे न थांबता आडगाव, ओझर, बाणगंगा ओलांडली की दोन्ही अंगांना बागा सुरू होतात म्हणे. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेले वेल, आणि पांगारा या दिवसांत लाल फुललेला. भोकरी द्राक्षं उतरायला लागलीत, भिवाच्या ट्रकमध्ये मी वास घेतलाय. तू गिरणी सोडून बाग धरलीस तेव्हापासून मी त्या टोपल्यांवर बागवाल्यांची नावं वाचत आलोय, आणि तुझं नाव आलं की पुढचं वाचलं. पण माल उत्तम असतो तुझा. मणी एकसारखे. तुझ्या रेघेसारखे.

आम्ही चारच्या सुमाराला फाट्यावर येऊ. तुझ्याकडे कुणी परकं माणूस आलेलं नसेल, गावात पोलीस नसेल, तर फाट्यावरच्या पहिल्या पांगाऱ्याला एक रिकामी टोपली टांगून ठेव, उलटी. टोपली दिसली की मी बागेत वळेन. नसेल तर सरळ चांदवडला जाऊन धर्मशाळेत उतरेन. तू रस्त्यावर येऊन उभा राहू नकोस. पाचपर्यंत मोटार आली नाही तर आम्हाला शोधायला कुणाला पाठवू नकोस. आत वळता येईल एवढी वाट मोकळी ठेव, मोटारीला साडेपाच फूट लागतात, आरशांसकट सहा.

माझ्या हत्यारांच्या पेटीत, तिसऱ्या कप्प्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेला एक चष्मा असेल. काळी काडी, जाड भिंगं, डावी काडी तारेनं बांधलेली. ती तार मीच बांधली. तो चष्मा तू ओळखशील, तो पहिल्यांदा करायला तूच घेऊन गेला होतास, ती दहा वर्षांची असताना.

होय, उर्मिला. तू तिला परीक्षेचा अभ्यास करत गिरगावात यशोदाआत्याकडे बसलेली समजत असशील. दोन वर्षांपूर्वी ती एकटीच माझ्या दारात आली होती, म्हणाली, गुणाकाका, बाबांचं आणि तुमचं काय झालं ते मला सांगू नका, माझी सायकल नीट करून द्या. तेव्हापासून रविवारी येते. तुला सांगू नका म्हणाली, मी सांगितलं नाही. कर्णे झाले तेव्हा सात नंबर तिनं मागून नेला. ती चिथवत नव्हती, रमाकांत. ती त्या संध्याकाळी गॅलरीतल्या बायकांना सांगत होती, आत जा, पोरांना आत घ्या, कठड्याला उभ्या राहू नका. मी तिला सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय, शब्द न् शब्द. पण ते कोर्टात कोण ऐकणार? शिपायानं चष्मेवाली मुलगी बघितली आहे, आणि तो शिपाई आता दादर स्टेशनवर उभा असतो, असं कोर्टातला एक ओळखीचा कारकून सांगत होता. म्हणून रेल्वे नाही. दहा दिवस ती शीव कोळीवाड्यात राधाकडे आहे. राधा आमच्याकडे मासळी घेऊन येणारी, तिनं एक शब्द विचारला नाही, फक्त पोरगी काय खाते एवढं विचारलं. बुधवारी उर्मिला राधाच्या बहिणीचं लुगडं नेसून, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन, कोळणींच्या घोळक्यात नाका ओलांडेल, चष्म्याशिवाय. चष्म्याशिवाय तिला सहा पावलांपलीकडचं दिसत नाही, तुला ठाऊकच आहे. ती अकराशे नव्वद पावलं राधाचा हात धरून चालेल. तिला रागावू नकोस. दुर्गावहिनींना सांग, लगेच रडू नका, आधी तिला चष्मा द्या आणि बाग दाखवा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. गुरुवारी मी एकटा परत येणार आहे. शांताला अजून सांगितलेलं नाही, ती समजतेय की दोघं परत येऊ. तिला थोडे दिवस तुमच्याकडे ठेवून घे, द्राक्षं उतरवायला हात लागतात असं सांग, ती काम असलं की राहते. शुक्रवारी दहाला मी इन्स्पेक्टरच्या टेबलासमोर उभा राहीन आणि सात नंबर माझ्याकडेच होता असं सांगेन. तो मानणार नाही, आवाज बाईचा होता हे त्यालाही माहीत आहे, पण माझ्या तोंडून दुसरं नाव निघणार नाही, आणि मग ते मला किती दिवस आत ठेवतील हे त्यांचं ते बघतील. माझ्या ठशानं तुझी मुलगी अडकली आणि तो ठसा तुझ्या सहीमुळे कोरला गेला. यातलं किती कुणाकडे जातं याची वाटणी मी घालत बसलो नाही, तूही बसू नकोस. त्या सहीबद्दल साहेबानं तुझा पगार किती वाढवला ते मी बारा वर्षांत कुणाला विचारलं नाही, आताही विचारत नाही. मला मात्र एका नावासाठी देऊ केलेलं सगळं इन्स्पेक्टरनं बोटांवर मोजत सांगितलं, म्हणून तुला कळवतो: सरकारी मोटारखान्यात मुख्य मिस्त्रीची जागा, परीक्षा माफ, राहायला दोन खोल्या, दारावर माझ्या नावाची पितळी पाटी, आणि महिना तीनशे पंचवीस रुपये. मी तिथल्या तिथे नको म्हणालो.

तुझाच,
गुणाजी